आधी काम सांगा

आमच्या खाडीकाठच्या गावात भरदिवसा दार लावून बसणारा माणूस एकच, विनायकतात्या. वर कडी, खाली कडी, मध्ये अडसर. दारही साधं नव्हे. मुंबईच्या गोदीत गोऱ्या साहेबाच्या हाताखाली कारकुनी करून तात्या पेन्शनीत निघाले, तेव्हा हे जाडजूड सागवानी दार त्यांनी बोटीने रेवस बंदरात उतरवलं. ते गाडीत चढवताना गाडीवानाने तात्यांच्या सात पिढ्यांची आठवण काढली होती.

हाक मारली की आतून एकच उत्तर. "आधी काम सांगा."

माझी आई वालाच्या शेंगा घेऊन जायची. "काम कसलं तात्या, शेंगा हायत."

"कशाबद्दल?"

मग कड्यांचा खडखडाट, फटीतून एक हात, शेंगा आत, कड्या पुन्हा जागेवर. एकदा शेळीने दाराला अंग घासलं, तर तिलाही त्यांनी काम विचारलं. आम्ही पोरं पोट धरून हसलो.

गाव मात्र हसत नव्हतं. आमची भातखाचरं खाडीपेक्षा सखल. मातीचा बांध खारं पाणी अडवतो म्हणून आम्ही जेवतो. उधाणाच्या भरतीला घरटी एक माणूस बांधावर लागतो. तात्या कधी आले नाहीत. "माझं शेत आहे का तिथे?" म्हणायचे.

बांधाचं सगळं बघणारा राघोदादा शेवटी मला म्हणाला, "त्याला सांग, या अवसेला आला न्हाय तर गावाची विहीर त्याला बंद."

मी गेलो. "आधी काम सांगा." सांगितलं. कडी काही निघाली नाही. मला रागही आला आणि काळजीही वाटली, कारण राघोदादा बोलेल ते करणारा होता.

अवसेला दुपारी पाणी चढलं आणि बांधाला खांड पडली. बैलगाडी जाईल एवढं भगदाड. अलीकडे भात पोटरीवर आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात. खारं पाणी शेतांत पसरलं तर हे पीक गेलंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन काही देणार नव्हती. टाकलेली माती पाणी ओढून नेत होतं.

"फळ्या आना," राघोदादा ओरडला. "मातीला आड द्या कायतरी."

कुडाच्या घरांत फळ्या कुठल्या? मी तात्यांच्या घराकडे पळत सुटलो. वाटेतच ते दिसले; बांधावरची ओरड त्यांनी ऐकली होती. धोतर खोचलेलं, आणि दोर बांधून दार चिखलातून ओढत निघालेले.

"धर एक टोक," ते धापा टाकत म्हणाले. "काम कळलंय."

दार खांडीत आडवं घातलं. तात्या छातीभर पाण्यात त्याला पाठ लावून उभे राहिले. वर या म्हटलं तरी ऐकेनात. आम्ही माती ओतत राहिलो. ओहोटी लागली तेव्हा राघोदादाने त्यांना वर ओढून घेतलं, आणि स्वतःचं मुंडासं सोडून त्यांचं डोकं पुसलं.

दार बांधातच राहिलं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. उघड्या चौकटीत ते बसले होते. सवयीने म्हणाले, "आधी काम सांगा."

"काम काय न्हाय. सहज आलो."

"गोदीत होतो तोवर दारात रोज माणसं," तात्या म्हणाले. "कुणाला नोकरी हवी, कुणाला वशिला. पेन्शन झाली आणि एक माणूस फिरकला नाही. सहज असं कुणी आलंच नाही रे."

मला फार वाईट वाटलं. त्यांनी पाट पुढे सरकवला. मी बसलो. इकडचं तिकडचं बोललो, चहा झाला.

"सुताराला सांगू का नव्या दाराचं?" निघताना मी विचारलं.

"राहू दे," तात्या म्हणाले. "उद्या ये." मग म्हणाले, "काम काही नाही."