पतनाचार्य हरबा

हरबा भोईर मला पहिल्यांदा भेटला तो पडताना. दहिवलीच्या शाळेवर माझी नवी नेमणूक झाली होती. हजर व्हायला गेलो तर शाळेच्या ओट्यावर पन्नाशीचा एक धिप्पाड गृहस्थ उभा. डोक्याला मुंडासं, कमरेला पंचा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, "राम राम मास्तर" म्हणाला, आणि पाठीमागे झुकून सरळ ओट्याखाली गेला. मी धावलो. तोवर स्वारी उठून अंगावरची माती झाडत होती.

"ह्याला जांभूळ म्हंतात," तो म्हणाला. "पिकलेलं जांभूळ कसं पडतं? गोल. आवाज नाय, तक्रार नाय."

त्या काळी आमच्या भागात वस्तादांचा आणि पदव्यांचा सुकाळ होता. हत्यारं सरकारजमा झालेली, लोकांकडे उरले होते ते आखाडे आणि पणज्याच्या लढायांच्या गोष्टी. त्यामुळे जो उठे तो नवी विद्या काढी. शिळफाट्याला एकजण दोन हातांत दोन मुसळं फिरवी आणि स्वतःला 'गदाधर' म्हणवून घेई. कर्जतला एक सोनार नुसत्या बोटांनी माणूस लोळवण्याची विद्या शिकवत असे. त्यानं कुणाला लोळवल्याचं ऐकिवात नव्हतं, पण दुकानाच्या फळीवर 'अंगुलीमार्तंड' असं रंगवून घेतलं होतं.

हे सगळे पाडायला शिकवीत. हरबा पडायला शिकवी.

"मास्तर, दर कुस्तीत एक जण पडतोच ना?" तो मला विचारी. "मग त्या निम्म्या लोकांची विद्या कुणी शिकवायची?"

त्याच्या विद्येत पडण्याचे प्रकार होते. जांभूळ हा पहिला धडा. मग भाताचं पोतं, म्हणजे कुशीवर पडणं. मग म्हैस, म्हणजे सावकाश बसत बसत पडणं. हा त्यानं म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवला होता. सर्वांत अवघड प्रकाराचं नाव 'रुसलेला जावई'. त्यात दोन्ही हात फेकून मागच्या मागे जायचं आणि कुणी सावरायला येईल अशी आशा धरायची नाही. प्रत्येक धड्याच्या शेवटी त्याचा एक शब्द ठरलेला: "बेतानं."

पदवीवरून मात्र आमचा वाद झाला. तो स्वतःला 'पतनाचार्य' म्हणवून घेत असे.

मी म्हटलं, "हरबा, पतन म्हणजे नुसतं पडणं नव्हे. पतन म्हणजे माणूस वाईट मार्गाला लागणं. अधःपात."

तो म्हणाला, "मग अधःपात होताना बी नीट पडावं की!"

"पण ही पदवी तुम्हाला दिली कुणी?"

"देण्याच्या लायकीचा मानूस तालुक्यात नाय. म्हणून मीच घेतली."

शिष्य त्याला फारसे मिळाले नाहीत. आखाड्यातले तरणे पैलवान म्हणत, आम्ही काय हरायला शिकायचं? मग हरबानं मोर्चा माझ्या शाळेकडे वळवला. पाढ्यांनंतर घटकाभर पडणं शिकवावं, असा त्याचा आग्रह. मी नाही म्हणालो, तर तो शाळा सुटल्यावर मुलांना गाठू लागला. चार दिवसांत अर्धी शाळा पायरीवरून, ओट्यावरून, बैलगाडीवरून पडू लागली आणि आया माझ्या दारात येऊन भांडू लागल्या. एकदा ठाकुरवाडीच्या चढावर मालगाडीच्या डब्यावरून रेल्वेचा एक खलाशी घसरला आणि नुसता खरचटून वाचला. हरबा त्याला भेटायला चालत गेला. परत आल्यावर गावभर सांगत सुटला की खलाशी शुद्ध 'पोतं' पडला. पुढे तो खलाशी मला स्टेशनात भेटला. "मास्तर, मी कसला पडतोय, पाय सरकला," तो म्हणाला. "पन त्या बाबांनी इतक्या प्रेमानं विचारलं, की मी 'व्हय' म्हटलं."

हसू येई खरं, पण त्याच्या काही गोष्टी माझ्या ध्यानात राहत. कैऱ्या उतरवायला कुणी झाडावर चढला की हरबा न सांगता खाली पेंढा आणून पसरी. विहिरीच्या ओल्या दगडांवर राख टाकी. कुणाचं छपर शाकारायचं असलं की हा सकाळपासून खाली उभा, वर बघत. आणि उन्हं कलली की हातातलं काम टाकून घरी निघे. "घरी मानूस वाट बघतो," एवढंच म्हणे. त्यानं लग्न केलं नव्हतं. घरात एक आजारी भाऊ असतो, असं मी ऐकून होतो. मी कधी त्याच्या घरी गेलो नाही, त्यानंही कधी बोलावलं नाही.

त्या वर्षी खालापूरच्या जत्रेला घाटावरून एक वस्ताद आला. नाव 'रणमार्तंड'. त्यानंही नवीन विद्या काढली होती. तिच्यात एकच डाव: समोरच्याला कमरेवर घ्यायचं, वर उचलायचं आणि उलटं करून डोक्याकडून खाली सोडायचं. आखाड्याच्या कडेला त्याचा माणूस ओरडत होता, "आहे का कोणी?" आमच्या दहिवलीचाच एक शेतकऱ्याचा मुलगा, वीस वर्षांचा, लंगोट कसून पुढे झाला. दोस्तांनी त्याला चढवलं होतं.

हरबा माझ्या शेजारी उभा होता. सकाळपासून तो गप्पगप्प होता. मला वाटलं, उन्हानं. तो एकदम दोरी ओलांडून आत गेला.

"आधी माझ्यावर करा," तो वस्तादाला म्हणाला.

"तुम्ही कोण?"

"पतनाचार्य हरबा भोईर."

सगळी जत्रा खदखदून हसली. रणमार्तंडही हसला. त्यानं हरबाला उचललं आणि फेकलं. हरबा पडला आणि उठला. पुन्हा उचललं, पुन्हा फेकलं. हरबा उठला. लोक आता टाळ्या पिटत होते. तिसऱ्या खेपेला वस्ताद चिडला होता. त्यानं जोर लावून सोडलं, हरबा डाव्या खांद्यावर आला आणि काही वेळ उठलाच नाही. टाळ्या थांबल्या. मग तो उठला. डावा हात तसाच लोंबत होता.

"डाव चांगला हाय," तो म्हणाला. "पन ज्याला पडता येत नाय त्याच्यावर हा टाकू नका. ह्या पोराला हा डाव नको. दुसरा कुठलाबी टाका. मी पाया पडतो."

आणि खरंच तो वाकला आणि त्याच्या निम्म्या वयाच्या माणसाच्या पायांवर त्यानं डोकं ठेवलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आचार्य पडले रं!" पुन्हा हशा झाला. रणमार्तंड मात्र हसला नाही. तो पाय मागे घेत म्हणाला, "उठा बाबा. नाही टाकत." कुस्ती झाली, साधी झाली. पोरगं चीत झालं, उठलं, माती झाडून दोस्तांच्या घोळक्यात गेलं.

हरबाला मी बैलगाडीत घालून दहिवलीला आणलं. पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. त्याचा खांदा सुजला होता, म्हणून मी त्याच्याबरोबर घरात गेलो. आत स्वच्छ सारवलेली जमीन, दाराकडे तोंड करून ठेवलेली खाट आणि खाटेवर गळ्यापर्यंत घोंगडी पांघरलेला एक माणूस. डोळे तेवढे जिवंत.

"खांद्याला काय झालं रं?" त्यानं विचारलं.

"सांगतो. पयलं पानी आनतो तुला," हरबा म्हणाला आणि उजव्या हातात घागर घेऊन विहिरीकडे गेला.

"तुमी मास्तर," खाटेवरचा म्हणाला. "तुमचं ऐकतो मी ह्याच्याकडून."

"तुम्ही हरबाचे थोरले भाऊ ना?"

"भाऊ कुठला? मी नामा. खालापूरकडचा. तिथल्या जत्रेत कुस्तीत ह्यानंच मला टाकलं होतं. मानेवर आलो. तवापासून गळ्याखाली माझं काय नाय."

मी खाटेजवळ टेकलो. तोच पुढे सांगू लागला.

"घरच्यांनी झेपलं तवर बघितलं. मग हा गाडी घेऊन आला नि मला उचलून हिकडं आनलं. मी ठरवलं, ह्याच्याशी जन्मात बोलायचं नाय. नाय बोललो. भरवायचा तवा गिळायचो, पुसायचा तवा डोळे मिटायचो. वरीस गेलं तसं. मग एक दिवस हा समोर अंगनात गेला नि पडाया लागला. पाठीवर, मानेवर, कसाबी. उठायचा नि पुन्यांदा पडायचा. मला वाटलं, येडा झाला. मग कळलं, मी कसा पडलो ते हा अंगावर घेऊन बघतोय. रोज तेच. मला बघवंना. म्हटलं, मरतोय आता हा माझ्या डोळ्यांदेखत. शेवटी वरडलो."

"काय ओरडलात?"

"मान आत घे रं, गाढवा!" नामा हसला. "वरसानं बोललो ते हे. हा तितंच मातीत बसून रडला. दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, असं नाय, असं पड. मी खाटंवरनं सांगायचो, हा करायचा. तशी ही इद्या झाली."

हरबा घागर घेऊन आला. वाटीत पाणी ओतून खाटेजवळ बसला. उजवा हात त्यानं नामाच्या मानेखाली सरकवला, डोकं हळूच वर घेतलं. दुखरा डावा हात कसाबसा उचलून वाटी ओठांना लावली. पाजता पाजता त्यानं जत्रेतलं सगळं सांगितलं. उचललं कसं, सोडलं कसं, काही लपवलं नाही. पाया पडल्याचंही सांगितलं.

"तिसऱ्या टायमाला खांदा उशिरा फिरवलास," नामा म्हणाला.

"व्हय."

"किती येळा सांगितलंय तुला?"

"चुकलं," हरबा खाली मान घालून म्हणाला.

नामानं विचारलं, "आन् ते पोरगं?"

"बरं हाय. आपल्या पायांनी चालत घरी गेलं."

नामानं डोळे मिटून घेतले.

"मग ऱ्हाऊ दे खांदा," तो म्हणाला.