ईशवंतरावांची यंत्रं

आमच्या तेरमध्ये सहा फूट दोन इंच उंचीचा, पांढऱ्या दाढीचा एक गोरा माणूस भर चौकात उभा राहून सांगतो, "मी आत्ताच जेवून आले गं बाई!" गावाला आता त्यात काही वावगं वाटत नाही. मला मात्र अजून मान खाली घालावीशी वाटते, कारण तो माझा मेहुणा आहे.

त्याचं खरं नाव इस्तवान. गावानं पहिल्याच आठवड्यात त्याचं ईशवंत केलं आणि वयाकडं बघून पुढं राव लावलं. जन्म हंगेरीतला. तरुणपणी देश सोडून जर्मनीत गेला, तिथं पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवली आणि दवाखान्यांची उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात संशोधक झाला. माझी धाकटी बहीण शकू तिथंच एका दवाखान्यात नर्स होती. त्यांनी लग्न केलं तेव्हा आमच्या वडिलांनी दोन वर्षं तिला पत्र टाकलं नाही. मी टाकायचो, पण त्यात ह्याची चौकशी कधी केली नाही.

शकू निवृत्त झाली आणि दोघं तेरला आली. आमच्या घराला लागूनच त्यांनी घर बांधलं. म्हणजे चौदा वर्षं हा माणूस माझ्या कुंपणापलीकडं राहतोय. मराठी तो बोलायला शिकला शकूकडून, त्यामुळं क्रियापदं सगळी बाईमाणसाची. वाचायला शिकला माझ्या शाळेच्या पुस्तकांवरून. मी हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्या पुस्तकांतले शब्द त्यानं उचलले आणि शकूच्या बोलण्यात कालवले. काही बिघडलं की कुंपणापलीकडून आवाज येतो, "अगं बया, रोधक जळला की!"

आणि बिघडायचं तर रोजच. ईशवंतराव शोध लावतात ना!

पहिला शोध भाकरीचं यंत्र. शकूचे हात दुखायचे म्हणून त्यानं ज्वारीचं पीठ थापणारं यंत्र केलं. उद्घाटनाला मला बोलावलं. यंत्रानं गोळा घेतला, तीनदा थापला आणि तव्याऐवजी थेट माळ्यावर भिरकावला. शकू पोट धरून हसली. हा गंभीरपणे म्हणाला, "दादा, तत्त्वतः चालतंय." मला तो दादा म्हणतो. पाच वर्षांनी माझ्यापेक्षा मोठा आहे, पण शकू दादा म्हणायची म्हणून हाही म्हणतो.

'तत्त्वतः' हा शब्दही माझ्याच पुस्तकातला. त्याचा इतका गैरवापर होईल हे माहीत असतं तर मी ते पुस्तक त्याला दिलंच नसतं.

मग रानडुकरांचं यंत्र. माणसाला ऐकू न येणारा आवाज शेतात सोडायचा, डुकरं पळून जातील. डुकरं आली नाहीत हे मी मान्य करतो. पण कुत्र्यांना तो आवाज ऐकू येतो. सगळ्या गावची कुत्री आमच्या सोयाबीनमध्ये जमली आणि तिथंच लोळली. डुकरांनीही इतकं नुकसान केलं नसतं. मी बांधावर उभा राहून ओरडलो तर हा वहीत लिहून घेत होता. "दादा, हे लई महत्त्वाचं निरीक्षण हाय."

हवेतून पाणी काढायचं यंत्र त्यानं भर एप्रिलमध्ये सुरू केलं. दिवसभर घरघर करून त्यातून अर्धा कप पाणी निघालं. तो कप त्यानं तीर्थासारखा दोन्ही हातांत धरून माझ्याकडं आणला. मी म्हटलं, "ठेवा. नळ आलाय, आधी पाणी भरू द्या."

चार वर्षांपूर्वी शकू गेली. आता हा जाईल परत, असं सगळ्यांना वाटलं. गेलाही. महिन्याभरात हातात तीच बॅग घेऊन एसटीतून उतरला. का आलात, असं मी विचारलं नाही. आणखी यंत्रं होणार, एवढंच मनात आलं.

यंदा धाराशिवच्या सरकारी कार्यालयातून पत्र आलं. परदेशी माणसाला इथं राहायची मुदत वाढवून घ्यावी लागते. पत्नी हयात नाही, तेव्हा इथं राहण्याचं कारण काय आणि जबाबदारी कोण घेणार, ते समक्ष येऊन सांगा, असं त्यात होतं. तो पत्र घेऊन माझ्याकडं आला. "दादा, तुम्ही याल का संगं?"

मी गेलो. खरं सांगतो, जाताना माझ्या मनात होतं, की सरकारनंच नाही म्हटलं तर बरं. आपल्याला वाईट व्हायला नको.

कार्यालयात टेबलामागं एक तरुण बाई होत्या. त्यांनी ह्याची फाईल चाळली. एका जुन्या, शिक्क्याच्या कागदावर थांबल्या. त्यावर आकृती होती आणि खाली दोन नावं होती. एक ह्याचं. दुसरं माझ्या बहिणीचं.

"हे काय आहे, आजोबा?"

"पेटंट हाय ते. शकूचं आन माझं."

मी कागद ओढून घेतला. जर्मन मला येत नाही, पण शकूचं नाव मला वाचता येतं.

"शकूच्या वॉर्डात दिवस भरायच्या आधी जन्मलेली लेकरं असायची," तो बाईंना सांगू लागला. "इवली इवली. मधीच श्वास घ्यायचं विसरायची. शकू तळव्याला बोट लावायची, मग लेकरू परत श्वास घ्यायचं. पण पाळणे वीस आन बाई एक. घरी येऊन रडायची. मग मी पाळण्यात अंथरायची एक पट्टी केली. श्वास थांबला की घंटा वाजायची."

"आणि वाजायची का?" बाईंनी विचारलं.

"व्हय. लई दवाखान्यांत वाजली."

चौदा वर्षं! मी म्हटलं, "हे मला कधी सांगितलं न्हाय तुम्ही."

तो माझ्याकडं वळला. रागानं नाही, अगदी साधेपणानं म्हणाला, "तुम्ही कधी विचारलं न्हाय, दादा. तुम्ही भाकरीचंच विचारायचे."

बाईंनी फाईल मिटली. "आजोबा, तिकडं तुमची पेन्शन आहे, दवाखाने चांगले आहेत. इथं आता का राहायचंय?"

त्यानं माझ्या हातातला पेटंटचा कागद घेऊन फाईलीवर ठेवला.

"शकू गेल्यावर मी तिकडं एक महिना राहिले. त्या महिन्यात मला कुणी नावानं हाक मारली न्हाय. शेजारचं दार कधी उघडलं न्हाय. हितं मी बाहीर आले की पारावरचं कोणतरी विचारतंय, ईशवंतराव, आज काय बिघडवलं? मग मी सांगते. मग ते हसतात. तिकडं मला हसायला पण कोण न्हाय, बाई."

बाईंनी एक अर्ज माझ्यापुढं सरकवला. जबाबदारी घेणाऱ्यानं भरायचा होता. नातं, पत्ता, सही. माझं अक्षर चांगलं आहे, एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलंय. त्या दिवशी ते वेडंवाकडं आलं.

वर्षभराची मुदत मिळाली. पुढच्या वर्षी पुन्हा जायचंय.

परतीच्या गाडीत आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. गाडी धाराशिवच्या बाहेर पडल्यावर मी घसा खाकरला आणि विचारलं, "ती पट्टी... इतका हलका श्वास तिला कळायचा कसा?"

त्यानं माझ्याकडं नीट बघून घेतलं. मी थट्टा करत नाही याची खात्री झाल्यावर खिशातलं तिकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर पेनानं पाळणा काढायला लागला. तिकीट पुरेना, तेव्हा मी माझंही दिलं. मी शंका काढत होतो, तो खोडून दाखवत होता. तेर आलं तेव्हा कंडक्टरला दोनदा ओरडून सांगावं लागलं, "ओ सर, उतरा की! तुमचं गाव आलं!"