मापाला माप, आठवड्यातून दोनदा

काळ्या कापडावर पांढरे ठिपके पडले होते आणि मास्तर म्हणत होते की तो खडू आहे.

"खडू?" मास्तरांच्या बायकोने कापडावरून बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं. "तुमच्या हातात तर पिवळा खडू आहे."

मास्तरांनी हातातल्या खडूकडे पाहिलं. तो पिवळाच होता. विचार करायला म्हणून त्यांनी डोकं खाजवलं, तर आणखी सात-आठ ठिपके पडले.

"कोंडा," बायकोने निकाल दिला. "आणि तोही थोडाथोडका नाही."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. पुढच्या खोलीत मशीन, आरसा आणि कापायचं लांब टेबल, मागच्या दोन खोल्यांत संसार. सव्वीस वर्षं त्यांनी वकिलांचे काळे कोट शिवले. दुसऱ्यांच्या मुलांना कोट चढवले, खांद्यावरून हात फिरवून कोर्टात पाठवलं. आता टेबलावर पसरलेलं कापड मात्र त्यांच्या स्वतःच्या मुलीचं होतं. लग्नानंतर तिने नेट लावून अभ्यास केला, वकील झाली, आणि बरोबर सहा आठवड्यांनी ती कोर्टात पहिल्यांदा उभी राहणार होती. त्या दिवशी तिच्या अंगावर बापाच्या हातचा कोट असावा आणि त्यावर कुणाला बोट ठेवायला जागा सापडू नये, याखेरीज मास्तरांना आयुष्याकडून सध्या काही नको होतं. आणि त्याच कोटावर बापाचं डोकं झडत होतं.

मुलीनं कोटाचं माप देताना एक अट घातली होती. तिला कारण होतं. मास्तरांचा हात मोठा. शिवणीत आत दुमडायला जास्तीच्या कापडाची एक इंच माया सोडायची तर ते दोन सोडत, आणि घरच्या माणसासाठी अडीच. कापड आटतं, माणूस सुटतं, असं त्यांचं शास्त्र होतं. मुलीला दुसरीत शिवलेला फ्रॉक पाचवीपर्यंत पुरला होता आणि पहिली दोन वर्षं ती त्यात शोधावी लागत असे.

"बाबा, या वेळी मापाला माप," ती म्हणाली होती. "मी आता काही वाढायची नाही."

मास्तर 'बरं' म्हणाले होते. पण आधी डोक्याचं बघायला हवं होतं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली डोकं पाहिलं आणि बाटली लिहून दिली. "हा बुरशीवरचा औषधी शाम्पू. आठवड्यातून दोनदा. डोक्याच्या कातडीला नीट चोळायचा, पाच मिनिटं ठेवायचा आणि धुऊन टाकायचा. चार आठवडे करा."

बाहेर पडल्यापडल्या मास्तरांचा हिशेब सुरू झाला. "दोनदा सांगितलंय, म्हणजे चारदा धरू."

"का?" बायकोने विचारलं.

"अगं, सांगणारा नेहमी कमीच सांगतो. आणि चारदाच करायचं तर मग तीन दिवस कशाला मोकळे सोडायचे? रोजच लावू."

"आणि पाच मिनिटं?"

"वीस."

"अहो, डोकं आहे ते. कापड नाही."

"डोकंही धुतल्यावर आटलं तर?" मास्तर म्हणाले आणि बाटली घ्यायला औषधाच्या दुकानात शिरले.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मास्तर डोक्याला फेस लावून, वर टॉवेल गुंडाळून वीस मिनिटं बसू लागले. पण दुकान घरातच. गिऱ्हाइकाला काय माहीत आत कुणाचं डोकं भिजत पडलंय ते. चौथ्या दिवशी शेजारचे चष्मेवाले सदऱ्याचं माप द्यायला नेमके त्या वीस मिनिटांत आले. मास्तर टॉवेलासकट उठले आणि टेप घेऊन त्यांच्या मागे उभे राहिले.

"मास्तर, मानेवर काहीतरी गार पडलं."

"घाम असेल."

"मला घाम नाही आलेला."

"माझा."

"तुमचा घाम गार?" चष्मेवाल्यांनी कॉलरमध्ये बोट घालून बाहेर काढलं. बोटावर फेस होता. "आणि त्याला वास येतोय. औषधाचा."

मग सगळं सांगावंच लागलं. चष्मेवाले माणूस परोपकारी. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि मास्तरांचा टॉवेल बाजूला करून बराच वेळ आत पाहिलं. "फार मोठमोठे पापुद्रे आहेत हो," ते काळजीने म्हणाले.

"तुम्ही भिंगातून बघताय," मास्तरांची बायको म्हणाली.

"तरीसुद्धा."

त्या एका शब्दाने मास्तरांचा धीर सुटला. त्यांनी संध्याकाळचीही पाळी सुरू केली. आठ दिवसांत डोकं लालबुंद झालं, कातडी ताणल्यासारखी चरचरू लागली, आणि कोंडा कमी व्हायचा सोडून दुप्पट झाला. आधी बारीक पडत होता, आता सालपटं निघू लागली. दुखणं चिवट आहे, असं मास्तरांनी ठरवलं आणि दुसरी बाटली आणली. खाज तर इतकी की गिऱ्हाइकाचं माप सांगता सांगता ते टेपनेच डोकं खाजवत. एका गृहस्थांनी "छत्तीस" ऐकून विचारलं, "माझी छाती की तुमचं डोकं?"

कोटाचं कापड या सगळ्यात चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलेलं. त्यावर वाकायची मास्तरांना धास्ती. बाराव्या दिवशी मुलीचा फोन आला.

"बाबा, कोट कुठवर आला?"

"बाह्या चालल्यात," मास्तर म्हणाले. कापडाला अजून कात्री लागली नव्हती. त्यांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मुलीशी ते आजवर खोटं बोलले नव्हते, निदान कपड्यांबाबत तरी नाही.

"आज कापूच," बायको म्हणाली. तिने आपली आंघोळीची प्लास्टिकची टोपी आणली. गुलाबी होती, वर फुलं होती. ती तिने नवऱ्याच्या डोक्यावर कानापर्यंत ओढून बसवली. "आता काय पडायचं ते आतच पडेल."

युक्ती नामी होती. मास्तरांनी कापड पसरलं, पिवळ्या खडूने पाठ आखली, पुढचा भाग आखला. हात कसा सराईत चालला होता. तासभर गेला. टोपीच्या आत डोकं तापलं, आणि मग खाज सुटली. अशी खाज की मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दात आवळले. एक पाय दुसऱ्यावर घासला. शेवटी न राहवून त्यांनी टोपीत एक बोट घातलं, फक्त एकच, आणि टोपी सटकून उलटी झाली. तासाभराचा साठा एकदम कापडावर आला.

नेमकी त्याच वेळी दारात मुलगी उभी होती. बाह्या बघायला आली होती.

तिने न कापलेलं कापड पाहिलं. गुलाबी टोपी पाहिली. मग बापाचं ते लाल, सोललेलं डोकं पाहिलं आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"डॉक्टरांकडे. आणि आई, तूही चल. साक्षीला."

डॉक्टरीणबाईंनी डोकं बघून भुवया उंचावल्या. "किती वेळा लावता?"

"तुम्ही म्हणालात तसंच. दोनदा."

"बाबा," मुलगी मध्येच म्हणाली, "आठवड्यातून दोनदा की दिवसातून दोनदा? फक्त हो किंवा नाही सांगा."

"याचं उत्तर हो किंवा नाही कसं देणार?"

"म्हणजे दिवसातून."

मास्तर भिंतीवरच्या तक्त्याकडे बघू लागले.

"आणि किती वेळ ठेवता?"

"पाच मिनिटं. आणि वर थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

"पंधरा."

"काल पंचवीस," साक्षीदार म्हणाली. मास्तरांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू चाळीस कोटांची शिलाई वाया गेली.

डॉक्टरीणबाईंनी हसू आवरलं. "मास्तर, एका काजात तुम्ही तीन गुंड्या कोंबता का?"

"छे! काज फाटेल."

"तेच केलंत तुम्ही डोक्याचं. हे औषध दोनदाच्या हिशेबानं काम करतं. जास्त लावून लवकर बरं होत नाही. उलट कातडी कोरडी पडून सोलते. हे सगळं कोंडा नाहीच, अर्धं तर तुमची मेहनत आहे." त्यांनी कागदावर लिहिलं. "पाच दिवस औषध पूर्ण बंद. साधा सौम्य शाम्पू वापरा. मग सोमवार आणि गुरुवार, पाच मिनिटं. बरं वाटलं की आठ-पंधरा दिवसांतून एकदा पुरे."

बाहेर आल्यावर मुलीने हात पुढे केला. "शब्द द्या. शाम्पू सांगितला तेवढाच. आणि कोट मापाला माप."

मास्तरांनी तिच्या हातावर हात ठेवला. शब्द देताना त्यांना जरा जडच गेलं.

पण शाम्पूचा शब्द त्यांनी पाळला. सोमवारी आणि गुरुवारी बायको घड्याळ घेऊन समोर बसे. साडेचार मिनिटं झाली की मास्तर आशेने विचारत, "दहा करूया का?" आणि ती नुसती पाण्याच्या बादलीकडे बोट दाखवी. पहिल्या आठवड्यात लाली गेली. दुसऱ्या आठवड्यात खाज गेली. तिसऱ्यात मास्तर बिनटोपीचे कापडावर वाकले, तासभर वाकूनच राहिले, आणि कापड काळं ते काळंच राहिलं. चष्मेवाल्यांनी येऊन भिंगातून खात्री केली. "डोकं स्वच्छ आहे," ते म्हणाले. "आतलं मला दिसत नाही."

कोट झाला. ट्रायलला काही मुलगी आली नाही. हल्ली सकाळी जमतच नाही, असं दोनदा फोनवर म्हणाली. ती आली ते कोर्टाच्या आदल्या दिवशी, दुपारी.

मास्तरांनी कोट झटकला, झटकण्यासारखं काही नव्हतं तरी. मग मागून तो तिच्या खांद्यांवर चढवला आणि गिऱ्हाइकांच्या फिरवतात तसाच हात फिरवला, फक्त थोडा सावकाश. खांदे बसले. बाह्या बसल्या. तिने पुढून गुंडी लावायला घेतली, आणि गुंडी काजापर्यंत पोचेना.

"श्वास सोड," मास्तर म्हणाले.

"सोडलाय."

गुंडी आणि काज यांच्यामध्ये चांगली दोन इंच जागा राहिली. मास्तरांनी टेप काढला, वही काढली, माप पाहिलं, पुन्हा कोट मोजला. "कोट मापाचाच आहे," ते पुटपुटले. सव्वीस वर्षांत त्यांचं माप चुकलं नव्हतं, आणि चुकलं ते आज.

मुलगी आरशात बघत होती, पण कोटाकडे नाही. तिच्या आईने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "कितवा?"

"तिसरा संपत आलाय," मुलगी म्हणाली. "उद्याचं पार पडलं की सांगणार होते. नाहीतर तुम्ही मला कोर्टात जाऊच दिलं नसतं. आणि आता बघा, कोटच होत नाही."

"तिसरा काय?" मास्तरांनी विचारलं. मग त्यांना कळलं. डोळे पुसायला त्यांनी हातातला टेपच वापरला.

"काढ तो कोट," ते म्हणाले.

त्यांनी कोट टेबलावर उलटा केला, ब्लेडने अस्तराची कड उसवली आणि बाजूची शिवण उघडली. आत दुमडून ठेवलेलं काळं कापड बाहेर आलं. दुसरी बाजू उघडली. तिथेही तेवढंच.

मुलगी बघतच राहिली. "किती आहे हे?"

"अडीच."

"दोन्ही बाजूंना?"

"दोन्ही बाजूंना," मास्तर खाली मान घालून म्हणाले.

"बाबा, तुम्ही शब्द दिला होता."

"शाम्पूचा पाळला ना! आईला विचार." त्यांनी मशीनवरचा दिवा लावला. "वरून मापाला मापच शिवला होता मी. पण आतून कापताना हात ऐकेना. मी तरी काय करू?"

मुलगी हसायला लागली आणि हसता हसता तिने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. खांद्यावर एकही पांढरा ठिपका नव्हता. तासाभरात कोट पुन्हा शिवून, इस्त्री करून तयार झाला आणि गुंडी अलगद काजात गेली.

ती गेल्यावर मास्तरांनी टेबलाखालचा डबा ओढला. त्यात कोटाचं उरलेलं कापड होतं, हातभर. ते त्यांनी टेबलावर पसरलं, पिवळा खडू घेतला आणि एक इवलीशी बाही आखली. मग जरा विचार करून ती पुसली आणि थोडी मोठी आखली. मग आणखी थोडी.

"अहो, अजून माप तरी आहे का हातात?" बायकोने मागून विचारलं.

"म्हणून तर जरा सढळ धरतोय," मास्तर म्हणाले. "पाचवीपर्यंत बघायला नको."