सुखदेवभाऊंची पिस्तारंगी जोड

आमच्या शेजारच्या अंगणात कडुनिंबाच्या झाडाला दाव्यानं एक मशीन बांधलेली असते. बैल नाही, गाय नाही, बकरीसुद्धा नाही. कपडे पिळायची मशीन! नेरच्या शाळेत माझी बदली झाली, त्या दिवशी सामान उतरवता उतरवता मी हे पाहिलं आणि आमच्या ह्यांना म्हटलं, "अहो, घर दुसरं बघू या." पण तोवर टेम्पोवाला निघून गेला होता.

मशीनचे मालक सुखदेवभाऊ. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, फिटर होते. कापसाचे वाईट दिवस आले, जिनिंगला कुलूप लागलं आणि आयुष्यभर पट्टे आणि बेअरिंगं सांभाळणारा हा माणूस घरी बसला. बसला आपलं म्हणायला. हातातला पाना काही सुटला नाही. बायको म्हणे, जेवायला बसतानाही तो पाना ताटाशेजारी असतो.

"मशीन बांधून कशाला ठेवलीय हो?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मोकळी सोडली का पयते, मॅडम."

मला वाटलं, थट्टा करतायत. पुढच्याच रविवारी दाव्याची गाठ सुटली आणि ती बया धडधडत, उड्या मारत आमच्या फाटकाकडे निघाली. मी किंचाळून ओट्यावर चढले. वायर संपली तिथे ती थांबली, नाहीतर बसस्टँड गाठलं असतं. सुखदेवभाऊ मागून धावत आले ते मला नाही, मशीनला विचारत, "लागलं तं नाई न?"

अशा त्या दोन मशीनी. एक धुणारी, एक पिळणारी. दोन्ही परदेशी, जुन्या, गोल झाकणाच्या, पिस्त्याच्या रंगाच्या. धुणारी ती थोरली, पिळणारी ती धाकटी. एकदा मी घरी धुतलेली साडी घेऊन गेले. म्हटलं, फक्त पिळून द्या. तर म्हणाले, "एकट्या धाकटीले काम सांगाचं नाई. जोड हाय, मॅडम, जोड! कंपनीनं संगं बनवली, संगंच चालन." आणि माझी स्वच्छ साडी त्यांनी थोरलीत टाकून पुन्हा धुतली.

ही जोड जमवण्यासाठी या गृहस्थानं काय काय केलं, ते ऐकून मी कपाळाला हात लावला. जिनिंगच्या मालकांचा बंगला रिकामा झाला, तेव्हा थोरली भंगारात निघाली होती. ती यांनी हातगाडीवरून घरी आणली. पण धाकटी कुणाला तरी आधीच देऊन टाकलेली. मग दोन वर्षं शोध. नेर पालथं घातलं, यवतमाळ पालथं घातलं. शेवटी पुसदला एका लग्नाला गेले असताना फरसाणाच्या दुकानात चिवडा घ्यायला थांबले, आणि आतून ओळखीचा पिस्ता रंग दिसला. दुकानदार तळलेल्या चिवड्याचं तेल निथळायला धाकटी वापरत होता!

"लग्न राह्यलं तिकडेच," सुखदेवभाऊ सांगतात. "मी अक्षी तिच्यापाशी बसलो. म्हनलं, आता घेतल्याबिगर उठत नाई."

दिग्रस, दारव्हा करत धाकटी एस.टी.तून आली. टपावर चढवायला यांचा जीव होईना. कंडक्टर म्हणाला, आत ठेवायची तर तिकीट काढा. यांनी काढलं, आणि खिडकीजवळची सीट तिला दिली.

हे मी यायच्या आठवडाभर आधीचं. त्यामुळे माझा पहिला महिनाभर गल्लीतल्या सगळ्यांच्या कपड्यांना फोडणीचा वास होता. मी चौथीच्या वर्गात फळ्यावर लिहायला वळले की पोरं नाकं वर करायची. एकानं विचारलंसुद्धा, "मॅडम, डब्यात चिवडा हाय का?" संतापानं मी त्याला सातचा पाढा दहा वेळा लिहायला लावला. बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

आमच्याकडे लाइटीचा भरवसा नाही. म्हणून रविवारी सकाळपासून गल्लीच्या बादल्या सुखदेवभाऊंच्या अंगणात रांगेत. बल्ब पेटला रे पेटला की हा माणूस ओरडणार, "आली! चाला!" पौर्णिमेच्या आदल्या रविवारी तर सगळं अंगण पांढरंशुभ्र. विहारात वंदनेला जायची लुगडी, सदरे, पोरींचे ड्रेस. सगळं फुकट आणि वरून चहा.

एकच माणूस या मशीनींना हात लावायचं नाही. सुखदेवभाऊंची आई, गिरजाबाई. ऐंशीच्या घरातली, काटक, तोंडानं फटकळ. तिची बाज अंगणातच असे. पण मशीन सुरू व्हायची वेळ झाली की म्हातारी उठून बाज फिरवून घेई आणि मशीनींकडे पाठ करून बसे. स्वतःची दोन लुगडी दगडावर आपटून धुवायची, तीही अशी की वाटावं, दगडाशी भांडण आहे.

दर रविवारी सुखदेवभाऊ तिच्यासमोर जाऊन उकिडवे बसत. "माय, आज तरी खटका दाब न वो."

"मले कायले? तुये बोटं झडले का?"

चांगले पन्नाशीचे बाप्ये, पण तोंड एवढंसं करून परत येत. एकदा मला हळूच म्हणाले, "मॅडम, ही जोड मी काई गल्लीसाठी नाई आनली. बुढीनं एक डाव तिच्या हातानं खटका दाबावा, बस. मंग मशीनी मोडल्या तरी चालन." का, ते काही सांगेनात. मी गिरजाबाईंना विचारायला गेले, तर म्हणाल्या, "शाया नाई का आज तुमची?" मी परत आले.

आणि मग तो रविवार. मी भांडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू? आमच्या ह्यांचा पांढरा शर्ट घेऊन मी सुखदेवभाऊंसमोर उभी राहिले. "हे बघा. तिसऱ्यांदा झालं. कॉलर जशीच्या तशी काळी! तुमच्या कंपनीच्या मालाला कॉलर निघत नाही का हो?"

सुखदेवभाऊ काही बोलणार, तोच मागून बाज करकरली. गिरजाबाई आमच्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

"काय म्हनल्या तुमी, मॅडम? आना बरं थो शर्ट इकडं."

मी दिला. म्हातारीनं कॉलर उन्हात धरली, उलटी केली, नखानं खरवडली. मग लेकाकडे पाहिलं.

"सुख्या, पहिल्यापासूनच निघत नाई?"

"नाई वो माय," सुखदेवभाऊंची मान खाली. "कॉलर तं हातानंच घासा लागते. थोरलीले नाई जमत थे."

"मंग बंगल्यावरच्या सायबाच्या कॉलरी?"

"काळ्याच राह्यत असतीन."

गिरजाबाईंनी शर्ट मांडीवर ठेवला. मग हसायला लागल्या. दात नाहीत, आवाज नाही, नुसतं अंग हलतंय आणि डोळ्यांतून पाणी. मी घाबरले. म्हटलं, म्हातारीला काही झालं की काय!

"अवो मॅडम," पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "बंगल्यावर मी धुनं धुवो. हा चौथीत होता तवा ह्या दोघी आल्या. दुसऱ्याच दिशी मले सांगतलं, आता येऊ नोको. मी म्हनलं, बाईसाहेब, एकडाव पाहू द्या, कशी धुते थे. जवळ गेली तं म्हने, हात नोको लावू, खराब होईन." त्यांनी कॉलरवरून बोट फिरवलं. "मले वाटे, मायाच धुन्यात कसर असंन. कॉलर माई साजरी निघत नसंन. म्हनून आनली मशीन. इतके वर्सं थेच मनात होतं."

"माय, तुयासारखं धुनं..." तोंड फिरवून सुखदेवभाऊ धाकटीचा एक नट आवळू लागले. तो नट आधीच घट्ट होता. खांदे हलत होते. मलाही रडू आवरेना. मी भांडायला आले होते, हे माझं मलाच लाजिरवाणं वाटलं.

गिरजाबाई मात्र कामाला लागल्या होत्या. साबण मागितला. दगडावर कॉलर पसरून चार हात मारले, पाणी ओतलं, पुन्हा चार हात. कॉलर अशी निघाली की दुकानातून आणली तेव्हाही तेवढी पांढरी नसेल. तो शर्ट घेऊन त्या थेट थोरलीपाशी गेल्या आणि झाकण उघडून आत टाकला.

"घे वो बाई," त्या मशीनला म्हणाल्या. "कॉलर मी पाह्यते. बाकीचं तू धू. आता तुई आन् माई काई भांडन नाई." मग लेकाकडे वळून, "कोन्ता खटका रे, सुख्या?"

सुखदेवभाऊंनी बोट दाखवलं. गिरजाबाईंनी अंगठा टेकवला. खटका खाली गेला, आत पाणी खळबळलं आणि थोरली घुमायला लागली.

गिरजाबाईंनी झाकणावर तळहात ठेवला, आणि धुणं संपेपर्यंत काढला नाही.