ब्रात्लियाचा चढ सर केल्याचे वर्तमान

ज्या देवाने डोंगर उंच केले, आणि त्यांजवर बर्फ घालून ते आणखी थोडे उंच केले, आणि तो बर्फ उपसण्याचे काम मात्र माणसाचे हाती सोपविले, त्यास प्रथम नमन. नंतर उत्तरेकडील बर्फाळ मुलखी, वाल्द्रेस खोऱ्यातील मौजे ब्रात्लिया येथील सिग्नेबाईसाहेब, वय महिने पाच, यांच्या बाप्तिस्म्याकारणे जी मोहीम जाहाली, तिचे वर्तमान जैसे घडले तैसे, पदरचे काही न घालिता, लिहिले असे.

ऐसियास, सिग्नेबाईसाहेबांचे तीर्थरूप आइविंदराव हे समुद्रात लोखंडी पायांवर उभ्या असलेल्या तेलाच्या ठाण्यावर चाकरीस होते, आणि शनिवारी किनाऱ्यास लागून रविवारी अकराचे सुमारास थेट चर्चच्या दारी हजर होणार होते, म्हणोन घरचा सारा कारभार मातोश्री इंगविलबाईसाहेबांचे शिरी आला. घर चढाच्या पायथ्याशी. चढाच्या माथ्यावर आइविंदरावांच्या आत्या गुड्रुनबाई, वय वर्षे चौऱ्याऐंशी, खोऱ्यातील निवृत्त सुईण, एकट्या राहत. आणि त्याच धर्ममाता ठरलेल्या, आणि शिरस्ता ऐसा की चर्चात लेकरू धर्ममातेनेच हाती घ्यावे. इंगविलबाईंस तर त्यांवाचून दुसरे कोणी सुचेना, कारण प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात लेकरू दूध घेईना आणि आईचे रडे थांबेना, तेव्हा याच म्हातारीने शेजारी बसून, आईचे हात धरून, लेकरू छातीशी कसे धरावे ते शिकविले होते.

मग गुरुवारी मेघांनी छापा घातला, आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंत चढाचा रस्ता गुडघाभर बर्फाखाली गडप जाहाला. बर्फ सारणारे सरकारी यंत्र खालच्या मोठ्या रस्त्यापुरते. खासगी चढ ज्याचा त्याने पाहावा. गुड्रुनबाईंचा खुबा दुखरा, बर्फात पाऊल टाकवत नाही. त्यांनी फोनवर फर्मान सोडिले, ते येणेप्रमाणे:

"मला घसरगाडीला बांधून वासरासारखी उतरवायची नाही हं, इंगविल. रस्ता असला तर गाडीत बसून येईन. नसला तर दुसरी धर्ममाता बघ."

"दुसरी नकोय मला, आत्या."

"मग फोनवर काय बोलत बसलीस? रस्ता कर!"

शनिवारी सकाळी उणे नऊ अंशांवर इंगविलबाईंनी मोहिमेचा नारळ फोडावा तैसा कॉफीचा थर्मास उघडिला आणि कोठारात गेल्या. तेथे अठरा घोड्यांच्या बळाचा, तांबड्या रंगाचा, खेचराएवढा ट्रॅक्टर उभा होता. सिग्नेबाईसाहेबांस मेंढीच्या कातड्यात गुंडाळून, बाबागाडीत घालून, मुलखाच्या रीतीप्रमाणे उघड्यावर कोठाराबाहेर निजविले. आणि ट्रॅक्टराच्या पोटात रात्रभर विजेची ऊब ठेविली होती म्हणोन तो पहिल्याच हाकेस डुगडुगू लागला. आणि त्या आवाजासरशी बाईसाहेबांस गाढ झोप लागली. ही झोप दोन तास चालेल ऐसा अजमास. तीच मोहिमेची मुदत.

मग पुढे बर्फ लोटायचे पोलादी पाते चढविले, आणि मागच्या चाकांच्या साखळ्या भुईवर पसरिल्या, आणि ट्रॅक्टर त्यांवर आणोन साखळ्या चाकांवर ओढिल्या. एक उलटी पडली, दात टायरात आणि गुळगुळीत बाजू बाहेर. ती काढिली, तीत अडकोन एक हातमोजा फाटला, आणि बोटे तोंडात घालून ऊन केली, आणि पुन्हा चढविली. यात पाऊण तास खर्ची पडला.

आता राहिले वजन. पुढे पाते लागले की मागची चाके हलकी होतात, याकरिता ट्रॅक्टराच्या मागच्या उचलत्या बाहूंवर काँक्रीट भरलेले पिंप लटकवावे लागते. ते पिंप अंगणाच्या कोपऱ्यात होते. इंगविलबाईंनी ते उचलावयास घेतले. बाहू कण्हले, ट्रॅक्टराचे पुढचे नाक वर आले, पिंप तसूभर हलेना. भुईशी गोठून गेले होते. उकळते पाणी ओतिले. ते क्षणात गोठून बंदोबस्त आणखी पक्का जाहाला. तेव्हा समुद्रावर फोन लाविला.

"आइविंद, पिंपाखाली दोन फळ्या घातल्या होत्यास ना?"

पलीकडे वारा घोंगावला.

"...मातीवरच ठेवलं गं. ऑक्टोबर होता."

"ऑक्टोबरनंतर काय येतं?"

"...नोव्हेंबर."

"आणि नोव्हेंबरात काय होतं?"

"इंगविल, मला हाक मारतायत इथे," ऐसे म्हणोन आइविंदरावांनी मैदान सोडिले.

याच समयी शेजारचे ओडवारकाका, वय वर्षे बहात्तर, हात खिशात घालून कुंपणाशी प्रकट जाहाले. दरसाल चढ हेच साफ करीत; पण यंदा त्यांचा थोरला ट्रॅक्टर गिअरबॉक्स उलगडून वर्कशॉपात पडला होता, आणि त्या दुःखाने काकांची जीभ अधिकच चालत होती. या तांबड्या ट्रॅक्टरास ते आजवर 'गवतकापणी' याखेरीज दुसऱ्या नावाने बोलले नव्हते.

"पोरी, अजून दूध पितो ना तो? थोडा मोठा होऊ दे, मग चढेल."

"तुमचा मोठा कुठाय, काका?"

"वर्कशॉपात. पोट फाडून ठेवलंय त्याचं."

"मग माझा छोटाच बरा. निदान घरी असतो."

तरी बाईंनी वजनावाचून पहिल्या वळणावर हल्ला केला. साखळ्या बर्फ उधळीत गरगर फिरल्या, आणि ट्रॅक्टर कुशीवर सरकत आला, आणि आइविंदरावांनी शरदात रस्त्याची कड कळावी म्हणोन रोविलेल्या खुणेच्या काठीशी येऊन थांबला. काठीपलीकडे ओढा. बाई उतरल्या, मनात म्हणाल्या, "आत्या नाही आली तर मी लेकरू कोणाच्या हातात देऊ?" आणि डोळे पुसले, कारण पापण्या गोठू लागल्या होत्या.

डोळे पुसता पुसता नजर तळघराच्या दाराकडे गेली. आत वर्षाचे बटाटे. मग पिंपाचा नाद सोडून मागच्या बाहूंवर सामान वाहायची लोखंडी पेटी अडकविली, आणि पंचवीस किलोंची एकेक गोण पाठीवर घेत दहा गोणी तीत रचिल्या, आणि दोरखंडाने आवळिल्या. ओडवारकाका पाहत राहिले. नंतर खिशातून हात काढून आले आणि शेवटल्या तीन गोणींचे एकेक टोक धरिले.

"काका, तेवढं बाबागाडीपाशी थांबाल?"

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"काही करायचं नाही. फक्त उभं राहायचं."

आणि ट्रॅक्टर निघाला. बटाट्यांच्या भाराने साखळ्यांचे दात बर्फात रुतले. पाते बर्फास ओढ्याच्या विरुद्ध अंगास लोटीत चालले. रास मोठी झाली की मागे यावे, बाजूस सारावी, पुन्हा चाल करावी. ऐसे तसू तसू पहिले वळण घेतले आणि दुसरे वळण घेतले.

खाली मात्र आवाज दूर जाताच सिग्नेबाईसाहेबांची झोप चाळवली. ओठ काढिला, हुंदका भरिला. काकांनी चहूकडे पाहिले, कोणी नाही. मग बाबागाडीत वाकून, मिशीतून, दबक्या आवाजाने म्हणाले, "डुगडुगडुगडुग." ओठ आत गेला. काका थांबले, ओठ बाहेर आला. मग काका पाऊण तास, ट्रॅक्टर परत येईतो, अखंड डुगडुगत राहिले.

माथ्यावर गुड्रुनबाई खिडकीत उभ्या होत्या. दार उघडून प्रथम गोणींकडे पाहिले.

"लढाईला बटाटे घेऊन आलीस?"

"रस्ता झालाय, आत्या."

"दिसतंय मला. आत ये. आधी हात दे इकडे." आणि इंगविलबाईंचे दोन्ही गारठलेले हात आपल्या काखेत धरून ठेविले, जे लेकराच्या पहिल्या आठवड्यातही धरिले होते.

रविवारी गुड्रुनबाई गाडीत बसून उतरल्या, आणि आइविंदराव चर्चच्या दारी हजर जाहाले, आणि सिग्नेबाईसाहेब धर्ममातेच्या हाती बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी गेल्या. पाद्रीसाहेबांनी पहिली ओंजळ शिरी घातली मात्र, बाईसाहेबांनी ऐसा टाहो फोडिला की मेणबत्त्या हलल्या. आई उठली, बाप उठला, आत्या थोपटीत राहिली, टाहो थांबेना. तेव्हा शेवटल्या बाकावरून, जेथे ओडवारकाका मान खाली घालून बसले होते, तेथून स्पष्ट आवाज आला:

"डुगडुगडुगडुग."

सारे चर्च वळले. काकांचे कान तांबडे जाहाले, पण ते थांबले नाहीत. सिग्नेबाईसाहेब गप्प जाहाल्या, आणि उरल्या दोन ओंजळी त्या आवाजात शांतपणे शिरी घेतल्या.

"ओडवार, हे काय होतं?" दारात आत्यांनी विचारिले.

"ट्रॅक्टर," काका म्हणाले. मग 'गवतकापणी' न म्हणता आपण काय बोललो ते ध्यानी येऊन टोपी डोळ्यांवर ओढिली.

जेवणात मेंढीचे मांस होते, आणि त्याच गोणींतले बटाटे होते, आणि ते थंडी खाऊन गोड जाहाले होते.

"गोड लागतायत," काका म्हणाले.

"डोंगर चढून आलेत ते," आत्या म्हणाल्या.

काकांनी तिसऱ्यांदा वाढून घेतले आणि बोलले, "वाईट नाही." याहून थोर प्रशंसा त्या खोऱ्यात आजवर कोणी ऐकिली नाही.

येणेप्रमाणे नाताळाआधीच्या ॲडव्हेंट पर्वाच्या पहिल्या रविवारी ब्रात्लियाची मोहीम फत्ते जाहाल्याची नोंद असे. हानी: एक हातमोजा. काँक्रीटचे पिंप अद्याप जागीच ठाण मांडून आहे. ते वसंतात शरण येईल, तेव्हा त्याखाली दोन फळ्या घालाव्या, ऐसा हुकूम आइविंदरावांवर जारी जाहाला, आणि त्यांनी तो मान खाली घालून मान्य केला.