एका पायावरचे मन्मथअप्पा

आमच्या धारूरला नवरा-बायको रस्त्याने कधी बरोबरीने चालत नसत. नवरा पुढे, बायको चार पावलं मागे. अशा गावात मन्मथअप्पा वाणी रोज सकाळी अंगणात, सगळ्या गल्लीदेखत, बायकोच्या खांद्यावर हात टाकून एका पायावर उभे राहत. मी त्यांचा शेजारी. कचेरीत मुन्शी, दिवसभर उर्दूत मयतांची नावं उतरवून घेणारा, त्यामुळे स्वभावाने जरा कुढाच. सकाळी दात घासताना करमणूक म्हणून एवढंच बघायला मिळे.

हे वृक्षासन. किल्ल्यात उतरलेल्या एका गोसाव्याने अप्पांना तरुणपणी शिकवलेलं. तळपाय मांडीला टेकवायचा, हात डोक्यावर जोडायचे आणि झाडासारखं थांबायचं. अप्पा वर्षानुवर्षं तसे थांबतही. पण त्या साली आसन उतरणीला लागलं. तळपाय मांडीवरून पोटरीवर आला, पोटरीवरून घोट्याला, आणि शेवटी अंगठा जमिनीलाच टेकला. कुणी विचारलं की अप्पा गंभीरपणे सांगत, "शास्त्रात इजाजत हाय, मुन्शीजी."

हे शास्त्र गावात कुणी पाहिलं नव्हतं. सोमवारच्या उपासाला टोपलीभर सीताफळं खायची इजाजत त्यातच होती. गिऱ्हाईक दारात ताटकळत ठेवून दुपारी घोरायचीही होती.

पण खांद्याची इजाजत गल्लीला सहन होईना. कारण त्यांच्या बायकोला, गंगाक्कांना, नुकताच लकवा मारलेला. डावं अंग लुळं, तोंड वाकडं. हकीमसाहेबांनी साफ सांगितलं होतं, बाईंनी रोज उठून उभं राहिलं पाहिजे, अंथरूण धरलं तर ही थंडी निघणार नाही. गंगाक्का मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. आणि एके सकाळी बघतो तर त्या अंगणात, आणि त्यांच्या खांद्याला अप्पा!

"लकव्याच्या बाईचा खांब केलाय मेल्यानं!" माझी बायको भांडी आपटत म्हणाली.

मी एकदा बोललोही. "अप्पा, भिंत आहे की. भिंतीला धरा."

"भिंतीला जीव हाय का?"

"अक्कांना त्रास होत असेल."

उत्तर गंगाक्कांनीच दिलं, बोबडं, पण तोऱ्यात. "पडतील वो ते, भाऊ. आता तोल ऱ्हात न्हाई त्यांचा. मी हाय म्हणून उभे हायत." असं म्हणून त्यांनी चांगल्या हाताने पदर सावरला.

त्यांनी ती थंडी काढली. पुढचा पावसाळाही काढला. मग एका पहाटे दुसरा झटका आला आणि सगळं संपलं.

अप्पांच्या समाजात मयताला जाळत नाहीत, बसवून पुरतात. गंगाक्कांना मांडी घालून खड्ड्यात बसवलं, तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं. अप्पा काठावरून वाकले आणि हळूच म्हणाले, "बस आता. लई उभी केली तुला." लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मला तर रागच आला. हे शहाणपण आत्ता सुचलं?

त्यानंतर अंगण ओस पडलं. दुकानाची एकच फळी उघडी असायची, तीही कधीमधी. माझा राग किती दिवस टिकणार? एका सकाळी मीच गेलो आणि अप्पांना हाताला धरून बाहेर आणलं. "चला, आसन करा. माझा खांदा घ्या, पडू देणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तळपाय उचलून थेट मांडीला लावला, हात डोक्यावर जोडले आणि उभे राहिले. जरासुद्धा हलले नाहीत. मी आपला खांदा पुढे करून तसाच.

"अप्पा, तुमचा तोल?"

"तोलाला काय झालंय?" ते समोर बघत म्हणाले. "तिला लई विनवलं, उठ म्हणलो. भिंतीकडं तोंड फिरवायची. मग म्हणलो, अगं, मला धर, मी पडायलोय. तवा उठली."

अप्पांनी पाय खाली घेतला, हात सोडले. त्यातला उजवा खांद्याएवढ्या उंचीवर येऊन तिथेच राहिला.

"आसन जमतंय हो, मुन्शीजी. पण ह्यो हात कुटं ठेवू?"

मी तो धरून माझ्या खांद्यावर ठेवला. त्याचा भार असा काही लागलाच नाही.

"ठेवा, अप्पा," मी म्हणालो. "इजाजत आहे."