सहा भरलेल्या बॅटऱ्या

रिकामं काही ठेवायचं नाही, ही माझी सवय. कारखान्याच्या भांडारात बावीस वर्षं कारकुनी केली की माणसाचं असं होतं. (डोकं तेवढं अपवाद, असं बायको म्हणते. तिचं चालू द्या.)

त्यामुळे हौसेनं ड्रोन घेतला तेव्हा बॅटऱ्या सहा घेतल्या, त्याही दुकानातल्या सगळ्यात मोठ्या.

"साहेब, एवढी जड बॅटरी लावलीत तर ड्रोनचा जीव ती उचलण्यातच जाईल," दुकानदार म्हणाला. "आणि फुल चार्ज करून ठेवून देऊ नका. अर्ध्यावर ठेवा, उडवायच्या आधी भरा. नाहीतर फुगतात."

अर्ध्यावर ठेवा म्हणे! मी घरी येऊन सहाही गच्च भरल्या आणि फ्रिजवर रांगेत मांडल्या. ऐनवेळी हाताशी हव्यात ना!

ऐनवेळ म्हणजे आमचे सासरे. दोन वर्षांत ते आधी चष्मा विसरले, मग वार, मग घराचा पत्ता. दोनदा हरवले, दोनदा शेजाऱ्यांनी आणून सोडले. तेव्हापासून बायको दाराला आतून कुलूप घालून किल्ली गळ्यात बाळगत होती. "आता काळजी सोड," मी तिला म्हणालो, "वरून बघायला आपला ड्रोन आहे." तिने विश्वास ठेवला, बिचारीने.

तीन महिन्यांनी एका रविवारी, भर दुपारी, मी किल्ली मागून घेऊन कचरा टाकायला खाली गेलो. (दार लावायचं असतं, हे मला कळतं. नंतर कळतं.) परत आलो तर बायको दारात.

"अहो, बाबा कुठायत?"

"खुर्चीत."

"खुर्चीत काय, डोंबल! चपला इथेच आहेत त्यांच्या!"

बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि वसाहतीच्या मागे कालवा होता. दोघांनाही कालवाच आठवला, पण नाव कुणी काढलं नाही.

"ड्रोन काढा ना!" ती ओरडली.

फ्रिजवर सहाच्या सहा बॅटऱ्या रुसलेल्या आत्यांसारख्या टम्म फुगून बसल्या होत्या. पाच खाचेत शिरेचनात. सहावी मी गुडघ्याने रेटून बसवली. (करू नये. मी केलं.) ड्रोन कण्हत कण्हत वर गेला. स्क्रीनवर आधी माझं टक्कल दिसलं, मग छपरं, मग कालवा. पाण्यात काहीतरी पांढरं तरंगत होतं. तेवढ्यात टूं टूं झालं आणि स्क्रीन काळी पडली.

सासऱ्यांचा सदरा पांढरा होता.

बायको अनवाणीच धावत सुटली. मी मागे. हातात रिमोट अजून घट्ट धरलेला. कालव्यावर पोचलो तर ती प्लास्टिकची पिशवी निघाली. बायको मटकन खाली बसली. मला तिच्याकडे बघवेना.

सासरे सापडले पुलापलीकडे, सायकलच्या पंक्चरवाल्याकडे. त्याने त्यांना बाकावर बसवून त्यांचे पोळलेले पाय ट्यूब तपासायच्या टबात ठेवले होते. "कुठं राहता विचारलं, तर सांगता येईना," तो म्हणाला, "मग म्हटलं, आधी पाय तरी गार होऊ द्या."

"बाबा!" बायकोने त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारली.

त्यांनी गोंधळून तिच्याकडे पाहिलं. मग हळूच तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नका बाई. तुमचं कुणी हरवलंय का?"

बायको पदराने त्यांचे पाय पुसायला लागली.

इतक्यात त्यांची नजर माझ्यावर गेली आणि चेहरा उजळला. "अरे, हे तर आमचे जावई!"

पोटची पोर विसरले, पण मी लक्षात होतो. खोटं कशाला बोलू, त्यातही माझी छाती फुगली.

सासरे तिच्याकडे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "माणूस वाईट नाही हो बाई. पण ह्यांच्यावर काही सोपवू नका."

"माहीत आहे, काका," डोळे पुसत माझी बायको त्यांना म्हणाली, "माझ्याही नशिबी असलाच एक आलाय."